बर्फातल्या ठशाचे निदान

एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने ट्विटरवर बर्फातल्या पावलांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. नेपाळमध्ये मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ लष्कराच्या गिर्यारोहकांना ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे दिसले होते. ते ‘यती’चे, म्हणजे हिममानवाचे असल्याचे त्यात म्हटले होते. समाजमाध्यमांवर भरपूर थट्टा झाली. त्या थट्टेत एक साधा प्रश्न मागे पडला. पावणेतीन फुटांचा ठसा दिसला, म्हणजे तेवढा पाय असतोच का?

नसतो. बर्फातला ठसा उमटल्या क्षणापासून बदलू लागतो. ऊन पडले की कडा वितळतात, बोटांमधले उंचवटे बसतात, वाऱ्याने आत भुसभुशीत बर्फ भरतो. एक-दोन दिवसांत लहान जनावराचे पाऊलही मोठे दिसू लागते. शिवाय अनेक प्राणी पुढच्या पायाच्या खुणेवरच किंवा तिला लागून मागचा पाय टाकतात. अस्वल तर माणसासारखा पूर्ण तळवा टेकवून चालते आणि त्याच्या पायाला पाच बोटे असतात. त्याच्या पुढच्या-मागच्या पायांचे ठसे एकमेकांत मिसळले की माणसासारखे दिसणारे लांबलचक पाऊल तयार होते.

यतीची सर्वांत गाजलेली पाऊलखूण एरिक शिप्टन यांनी १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर टिपली. त्यांच्यासोबत मायकल वॉर्ड हे डॉक्टर होते. पायात विकृती असलेल्या एखाद्या स्थानिक माणसाचा तो ठसा असू शकेल, अशी शक्यता वॉर्ड यांनी १९९७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपून ठेवलेल्या हाडे, केस, कातडी अशा ९ नमुन्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातले ८ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा!

एका लक्षणावरून निदान करू नका, असे आम्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांगतो. ठशांनाही तोच नियम लागू आहे. एकच ठसा पाहू नये, ओळीने दहा-पंधरा पाहावेत. सावलीतला ठसा उन्हातल्यापेक्षा विश्वासार्ह. मग बोटे मोजावीत. मांजरवर्गीय आणि श्वानवर्गीय दोघांचीही चारच बोटे उमटतात, पण फरक स्पष्ट असतो. हिमबिबट्याचा ठसा गोलसर, साधारण ९ ते १० सेंटीमीटरचा असतो. त्यात सहसा नखे दिसत नाहीत आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. तळव्यावर दाट केस असल्याने कडा काहीशा पुसट असतात. लांडग्याचा आणि कुत्र्याचा ठसा लांबट, नखांसह उमटतो. मात्र घसरड्या उतारावर मांजरवर्गीयही नखे बाहेर काढतात, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर चाल पाहावी. लांडगा बहुधा सरळ रेषेत, एका पावलावर दुसरे टाकत जातो. गावातले कुत्रे हुंगत, वाकडेतिकडे फिरते. सशाच्या बाबतीत नवखा माणूस हमखास फसतो. उडी मारताना त्याचे मोठे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे तो उलट्या दिशेने गेला असे वाटते.

ही केवळ हौशी लोकांची करमणूक नाही. लडाख किंवा स्पितीतल्या मेंढपाळाला सकाळी वाड्यात मेंढ्या मरून पडलेल्या दिसल्या, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न गेलेले असते. हे केले कुणी? ‘शान’ने, म्हणजे हिमबिबट्याने? ‘शंकू’ने, म्हणजे लांडग्याने? की मोकाट कुत्र्यांनी? लडाखमध्ये लांडग्यांना अडकवायला दगडी भिंतींचे खोल खड्डे बांधत, ते आजही पाहायला मिळतात. हिमबिबट्यांनाही सूडापोटी मारले गेले आहे. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात हिमबिबटे अवघे ७१८ आहेत, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. हिमबिबट्या वाड्यात शिरत असेल तर वाड्यावर जाळीचे भक्कम छप्पर हा उपाय आहे. कुत्र्यांचा त्रास असेल तर निर्बीजीकरण आणि उघड्यावरच्या कचऱ्याचा बंदोबस्त हवा. निदान चुकले की औषधही चुकते. हिमबिबट्याला मारून कुत्र्यांनी पाडलेल्या मेंढ्या वाचत नाहीत.

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक जण बर्फातल्या ट्रेकला जातात. ठसा दिसला तर शेजारी काठी किंवा नाणे ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्या. एक जवळून आणि एक संपूर्ण रांगेचे घ्या. ठशांमागे चालत जाऊ नका. वाट चुकण्याचा आणि जनावराला बुजवण्याचा, दोन्ही धोके आहेत.

ठशांजवळ विष्ठा दिसली तर हात लावू नका आणि तिथला बर्फ वितळवून पिऊ नका. कुत्रा, लांडगा यांच्या विष्ठेत एकायनोकोकस या फीतकृमीची अंडी असू शकतात आणि ती गोठवणाऱ्या थंडीतही टिकतात. ती पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत राहते. आम्ही तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा साधा बचाव आहे.

दुसरी काळजी डोळ्यांची. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो. ठसे शोधत तासन्‌तास खाली पाहिले तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सोसत नाही. डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, अंधारात विश्रांती घ्या. बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो. न पडल्यास डॉक्टरांना दाखवा. ढगाळ दिवशीही बाजू झाकणारा, अतिनील किरण रोखणारा गॉगल काढू नका.