नाताळात साठ पानांचं लग्न

आमच्या ओतूरकडे लग्नाचं आवतण चूलबंद असतं. घरातल्या एकाने नव्हे, अख्ख्या घराने जेवायला यायचं. भावकी, गावकी, पावणेरावळे धरले की हजार पानं सहज उठतात. त्यामुळे लेक म्हणाली, “आई, साठच माणसं,” तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, तिलाच विचारलं, “मग कोणाला बोलवायचं नाही, ते सांगायला तू जाणार का?” प्रश्न रास्त होता. हॉल, आचारी, खर्च हे सगळं जमतं. छोट्या लग्नात माणसं वगळणं जड जातं. आम्ही तोड काढली: लग्न साठांत, आणि भावकीला पुढे जागरण-गोंधळाला बोलवायचं. खंडोबाच्या दारात रुसवे जरा लवकर निवळतात.

नाताळ निवडला तो सुट्टीसाठी. लेक-जावई पुण्यात नोकरीला, भाचरांच्या शाळा बंद. आबांची हरकत पौषाची. नाताळ कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात, आणि पौषात आपल्याकडे लग्न लावत नाहीत. मी त्यांना आठवण करून दिली, पहिलं सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ चं. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीनच महिने झालेले. सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं ते लग्न भटजीविना, हुंड्याविना लागलं. खर्च सावित्रीबाई फुल्यांनी सोसला. आणि आमच्याच ओतुरात १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीविना लावलं, तर जोशांनी हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ओतूरचं नाव निघाल्यावर आबांनी पौषाचा विषय सोडला.

कागदपत्रांचं मात्र दिवाळीआधीच बघावं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात, आणि तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. शिवाय २५ तारखेला कचेरी बंद! विधीने लग्न लावलं तर नोंदणी गावातच ग्रामपंचायतीत होते. आम्ही तेच करणार आहोत.

वेळ भरदुपारची ठेवली आहे. गोरज मुहूर्ताची हौस आमच्या जुन्नर-आंबेगावात हिवाळ्यात करू नये. ऊसतोड चालू असते, फड मोकळा झाला की बिबट्या बाहेर पडतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र काही उगाच नाही. पोरंबाळं उजेडात घरी पोचलेली बरी. लेण्याद्री, ओझर, भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांनी सुट्टीत रस्ते भरतात, म्हणून घोडेगावच्या व्याह्यांना सकाळीच निघायला सांगितलंय.

जेवायला मासवडी. हजार पानांना ती कोण करणार? बेसन घोटून ओल्या फडक्यावर थापायचं, वर खोबरं, तीळ, लसणाचं सारण पसरायचं, फडक्यानेच वळकटी दाबून आकार द्यायचा, मग वड्या कापायच्या. सगळं हाताचं काम. साठ पानांना आमच्या आळीतल्या चार बाया पुरतात. पनीरच्या भाजीपुढे बशी घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा पंगतीत बसून झणझणीत रस्सा भुरकावा, असं माझं सरळ मत आहे. व्याह्यांना गोड हवंच होतं, त्यांच्यासाठी लापशी. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच खावी, तासाभराने ती कडक होते. म्हणून चुली मांडवाला लागूनच मांडायच्या ठरल्यात, धूर झाला तरी चालेल.