पांचशें पौंड गवत

सकाळीं उठल्याबरोबर चहाचा पेला ज्यांच्या हातीं येतो अशा आम्हां मंडळींस, त्यांतील पत्ती कोणीं खुडली हें विचारण्याचा प्रसंग क्वचितच पडतो. आसामांतील मळ्यावरचा मजूर एके काळीं गिरमिटानें बांधलेला असे. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणें हा १८५९ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला होता. मे १९२१ मध्यें चरगोला खोऱ्यांतील हजारों मजूर मळे सोडून घराकडे निघाले, तेव्हां चांदपूरच्या स्टेशनावर रात्रीं निजलेल्या बायकामुलांवर गुरखा शिपाई सोडण्यांत आले. मळ्यांवरील मजुरांचे संघ पुढें निघाले, त्यांच्या पाठीशीं ही रात्र आहे. ती हकीकत वाचतांना आमच्या मनांत नेहमीं दुसरीच एक हकीकत उभी राहते. ती आमच्याच डहाणू तालुक्यांतील व त्याच्या शेजारपाजारची आहे, आणि तींत चहाच्या पत्तीच्या जागीं गवत आहे.

आमच्या वाणगांवाकडे चहा पिकत नाहीं. भात, मिरची आणि चिकू पिकतो. परंतु रुळाच्या पूर्वेकडील माळांवर पावसाळा सरतां सरतां कमरेइतकें गवत उभें राहतें. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी आणि घोडे या गवतावर पोसले जात. म्हणून पाऊस गेल्यावर तें कापून, वाळवून, गांसड्या बांधून आगगाडीनें रवाना करीत. माळ जमीनदाराचा, गवत त्याचें, तराजूही त्याचाच. विळा तेवढा वारल्याचा. मजुरी वजनावर, जशी चहाच्या मळ्यांत खुडलेल्या पत्तीची. ज्यानें गवत हाताळलें आहे त्यास ठाऊक आहे कीं, दंवांत भिजलेला भारा आणि दोन उन्हें खाल्लेला भारा यांच्या वजनांत केवढें अंतर पडतें. तेव्हां वजन कधीं करावयाचें हें ठरविणारा कोण, एवढ्यावर कापणाऱ्याचें पोट अवलंबून असे.

गिरमिटाची उणीव इकडे लग्नानें भरून काढली होती. लग्नासाठीं सावकाराकडून पैसे घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावयाचें; अशा गड्यास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज सहसा फिटत नसे. सिमिंग्टन नांवाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या, १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत या प्रथेचें वर्णन आहे. शिवाय वेठ होतीच. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ‘वेतन न देणें’ हें एक स्वतंत्र पद आहे, असें आम्ही वर्गांत सांगत आलों. त्याच यादींत ‘संभूयसमुत्थान’ हेंही एक पद आहे. शब्दशः अर्थ एकत्र होऊन उठणें. टीकाकार मात्र त्याचा अर्थ भागीदारांचा व्यापार असा करितात. सरळ अर्थ घेणारे निघाले ते अक्षरशत्रु वारली !

त्यांच्यांत जाऊन राहिलेली बाई आपल्याच घरांतून आलेली. पुण्याचे वकील लक्ष्मणराव गोखले यांची कन्या गोदावरी. कायद्याच्या पदवीधर, नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद. पुढें समाज सोडून त्या व त्यांचे पति शामराव परुळेकर किसान सभेच्या कामास लागलीं. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास सभेची परिषद भरली, तीस उंबरगांव तालुक्यांतून मूठभर वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा हा एक. तो परत गेला तो रानांत बातमी घेऊनच. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें सुमारें पांच हजार वारली जमले आणि ठरलें कीं, वेठ करावयाची नाहीं, लग्नगडी कोणीं राहावयाचें नाहीं, आणि दिवसाची मजुरी बारा आणे घ्यावयाची. कागदावर सही करूं शकणारे त्यांत किती असतील !

पावसाळा संपला आणि गवत कापणीस आलें. मागणी एकच: पांचशें पौंड गवतास अडीच रुपये. म्हणजे आजच्या मापानें सुमारें नव्वद किलो गवत कापावें तेव्हां एक रुपया. ही मागणी कोणास डोईजड वाटावी, याचें आज नवल वाटतें. परंतु ती डोईजड वाटलेल्या घरांपैकीं एक आमचें होतें.

आमच्या आजोबांची मोडींतली वही आमच्यापाशीं आहे. शके १८६७ च्या पानावर गवताच्या खात्यांत कापणीचा दर एकदां लिहून खोडलेला आहे आणि वर निराळ्या शाईनें ‘२॥’ घातलें आहे. खालचा आंकडा इतका गडद खोडला आहे कीं, तो वाचतां येत नाहीं. आजी सांगे, त्या वर्षीं आजोबा रोज संध्याकाळीं माळापर्यंत जात, उभें गवत पाहून परत येत आणि जेवतांना कोणाशीं बोलत नसत. घरांत चौदा पानें वाढलीं जात, तीं गवताच्या पैशावर. तेंही खोटें नव्हे. लहानपणीं आम्ही आजोबांचीच बाजू घेत असूं.

१० ऑक्टोबर १९४५ रोजीं, गोदूताईंची सभा आहे अशी आवई उठून तलवाडा येथें हजारों वारली गोळा झाले. सभा नव्हतीच. ही आवई जमीनदारांनींच उठविली, असें किसान सभेचें म्हणणें. पोलिसांनीं गोळीबार केला; जेठ्या गांगड धरून पांच जण ठार झाले. इतकें होऊनही माळांवरचें गवत तसेंच उभें राहिलें. अखेर अडीच रुपयांचा दर कबूल करावा लागला. आमच्या वहींतील निराळी शाई ती हीच.

पुढच्या वर्षीं जंगलांतील लांकूडतोड्यांनीं रोज सवा रुपया मागितला, महिन्यावर संप चालविला, आणि १० नोव्हेंबर १९४६ ला लांकूड-व्यापाऱ्यांच्या संघानें तो मान्य केला. तेव्हां मुंबई इलाख्यांत लोकांचें म्हणविणारें मंत्रिमंडळ होतें. बाळासाहेब खेर मुख्य, मोरारजी देसाई गृहमंत्री. प्रदेशांत हिंसा माजली आहे असें सरकारचें म्हणणें पडलें, आणि परुळेकर दांपत्यास जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. ७ जानेवारी १९४७ रोजीं पालघर तालुक्यांतील नानिवलीस पुन्हां गोळीबार झाला. तेथेंही पांच माणसें गेलीं. यानंतर सात महिन्यांनीं स्वराज्य आलें.

झरी आज तलासरी तालुक्यांत आहे. ठाणें जिल्हा तुटून २०१४ पासून हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यांत आला. उंबरगांव १९६० सालीं गुजराथेंत गेलें. दरवर्षीं १० ऑक्टोबरला तलासरीकडे लाल निशाणें घेऊन माणसें जातात.

गोदूताईंचें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. गांवच्या वाचनालयांतून तें आम्हीं घरीं आणिलें, तेव्हां आजी थकली होती. डोळ्यांनीं दिसत नसे. रोज रात्रीं चार पानें वाचून दाखवावयाचीं असा क्रम पडला. गोळीबाराचा भाग आला तेव्हां तिनें जपमाळ खालीं ठेविली.

“आपलं नाव आहे का रे त्यात ?”

नाहीं, आम्हीं सांगितलें.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “जे गेले त्यांची नावं आहेत ना ? ती पुन्हा वाच.”