गळपट्टा की छातीपट्टा?

कुत्रा दोरी ओढू लागला की गळपट्टा रुतून तो खोकतो, हे तुम्ही पाहिले असेल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, बल 40 न्यूटन आहे. गळ्याच्या 10 चौरस सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 4 न्यूटन दाब पडेल. छातीच्या 40 चौरस सेंटिमीटरवर केवळ 1. म्हणून छातीपट्टा, म्हणजेच हार्नेस, बरा.

मात्र कुत्र्याचा खांदा आपल्यासारखा हाडाने छातीशी सांधलेला नसतो. स्नायूंनी धरलेला तो खांदा प्रत्येक पावलाबरोबर पुढेमागे सरकतो. ‘खांदा मोकळा ठेवणारा’ म्हणविला जाणारा, इंग्रजी वाय अक्षरासारखा हार्नेसही ही हालचाल कमी करतो, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. हार्नेसशिवाय व हार्नेस घालून कुत्र्याला चालवून पाहा. पाऊल आखूड पडले, तर हार्नेस बदला!