‘आपल्याला नाही जमायचं’: आतल्या आवाजाबद्दलचे गैरसमज

मराठी शाळेतून दहावी झालेली बोरिवलीची एखादी मुलगी अकरावीच्या वर्गात मागचं बाक धरते. सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिला येत असतं, पण हात वर जात नाही. ‘माझं इंग्रजी ऐकून सगळे हसतील.’ पुढे पदवी हातात आल्यावर अंधेरीच्या सीप्झमधल्या नोकरीचा अर्ज ती अर्धवट सोडते. ‘तिथे आपला काय निभाव लागणार!’ दोन्ही वेळा तिला बाहेरच्या कुणी अडवलेलं नसतं; अडवतो तो आतला आवाज. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठल्याही इमारतीत अशी मुलं सापडतील. घरचे या माघारीला लाजाळूपणा म्हणतात आणि विषय संपतो. तो तिथेच संपू नये, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज: हा आवाज म्हणजे आपली पायरी ओळखणं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे पैशांच्या बाबतीत शहाणपणाचं आहे. पण अंथरूण केवढं आहे हे न पाहताच पाय आखडून घेतले, तर त्याला शहाणपण कसं म्हणायचं? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना पाहिलं की, त्यांच्या मनात क्षणार्धात, आपोआप काही विचार येऊन जातात. ते इतके सवयीचे झालेले असतात की, ते तपासून पाहण्याचं रुग्णांना सुचतही नाही. ‘आपोआप येणारे विचार’ हेच नाव बेक यांनी त्यांना दिलं.

आपला हा आवाजही तसाच असतो; तो ओळखायची खूण साधी आहे. ‘माझं इंग्रजी बोलणं कच्चं आहे’ ही माहिती झाली. तिच्यावर उपाय करता येतो, सहा महिन्यांनी ती बदललेलीही असू शकते. ‘मी कुचकामी आहे’ हा अख्ख्या माणसावर दिलेला निकाल आहे. त्यात सुधारायचं काय, हे कुठेच नसतं. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ असे शब्द आले, कसोटीआधीच निकाल लागला आणि त्यामुळे आपण प्रयत्नच केला नाही, तर तो आवाज वास्तव सांगत नाही, असं खुशाल समजावं.

गैरसमज: स्वतःला झोडपल्याशिवाय माणूस सुधारत नाही.

हा समज आईवडिलांमध्ये फार पक्का आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं गेलं. त्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधीपणाचं ओझं असलं की, माणूस त्या पुस्तकाच्या जवळही जायचं टाळतो. आपल्या समर्थ रामदासांनी मनाला २०५ श्लोकांतून समजावलं, आणि तेही त्याला सज्जन मानून. समजुतीचा मार्ग आपल्याला परका नाही.

गैरसमज: आरशासमोर ‘मी ग्रेट आहे’ म्हटलं की आवाज बंद होतो.

२००९मध्ये मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वूड आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी होता, त्यांना स्वतःबद्दलची अशी गोड वाक्यं म्हटल्यावर उलट अधिक वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की, त्याविरुद्धचे पुरावे मनच काढून दाखवतं. विचार दडपूनही भागत नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७च्या प्रसिद्ध प्रयोगात सांगितलं आणि लोकांच्या मनात अस्वल येतच राहिलं.

मग उपाय कोणता? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं उदाहरण मला सर्वांत पटतं. तरुणपणी ते स्त्रियांशी बोलायला विलक्षण बुजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात बसलेल्या सुमारे १३० स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. तीसेक जणी उठून गेल्या. उरलेल्यांशी गप्पा झाल्या. फक्त एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. म्हणायला पुरतं अपयश. पण मनात रंगवलेलं भयंकर असं काहीच घडलं नाही आणि एलिस यांची भीती ओसरली. १९५५मध्ये त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे: आपल्या भाकिताचा पुरावा मागा, आणि मग ते करून पाहा.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी मराठीत उपलब्ध आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे, तिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांची १९९०पासूनची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. म्हणजे या उपनगरांसाठी हे ज्ञान दूरचं नाही. वर्गात एकदाच प्रश्न विचारणं, एकच अर्ज शेवटपर्यंत भरणं, एवढी सुरुवातही पुरे.

आणि यश मिळालं की आवाज आपोआप थांबेल, ही आशाही फोल आहे. मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८मध्ये वर्णन केलेल्या कर्तबगार स्त्रियांना, मोठ्या पदव्या मिळूनही, आपण नकली आहोत आणि एक दिवस पकडल्या जाऊ, असंच वाटत होतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर ते एकट्याने निभावायचं काम नव्हे. आणि जगणं नको असं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे: क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतही.