फिरते घर किती मोठे असावे?

अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, अर्थात आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घरच. ओटा, पलंग, न्हाणीघर, शौचालय असे सारे काही तिच्यात सामावलेले असते. प्रथमच आरव्ही घेणाऱ्याला साहजिकच आतल्या ऐसपैस जागेचा मोह पडतो. परंतु विक्रेत्याच्या प्रशस्त आवारात आटोपशीर वाटणारी गाडी डोंगरातल्या वळणावर अवजड ठरू शकते. म्हणून कोठे जायचे, हे आधी ठरवावे आणि मग लांबी निवडावी.

स्वतःचे इंजिन असलेल्या आरव्हींचे तीन वर्ग आहेत. ‘बी’ वर्गातील व्हॅन साधारण १८ ते २४ फूट लांब असते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या, चालकाच्या डोक्यावर बिछाना असलेल्या ‘सी’ वर्गातील बहुतेक गाड्या २२ ते ३२ फुटांच्या असतात. बससारख्या दिसणाऱ्या ‘ए’ वर्गातील गाड्यांची लांबी ४५ फुटांपर्यंत जाते.

या आकड्यांचे महत्त्व रस्त्यावर कळते. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टू द सन’ या प्रसिद्ध रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना मनाई आहे. व्हर्जिनियातील शेनान्डोआ उद्यानात मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. तेथे टपावरील वातानुकूलन यंत्रासह गाडीची उंची ठाऊक असावी लागते. कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब आरव्ही चालविण्यास नेहमीचा परवाना पुरत नाही.

मात्र लहान गाडी घेतली की प्रश्न सुटला, असेही नाही. माहितीपत्रकात ‘सहा जणांची झोपण्याची सोय’ असे लिहिलेले असले, तरी त्यात जेवणाचे टेबल मोडून केलेला बिछानाही बहुधा धरलेला असतो. भारतातून आलेले वृद्ध आई-वडील सोबत असतील, तर रोज रात्री ही मांडामांड जिकिरीची ठरते.

वजनाचा हिशेबही महत्त्वाचा. प्रवासी आणि सामान मिळून गाडी किती भार पेलू शकते, हे दर्शविणारी पट्टी गाडीवर लावलेली असते. खरेदीपूर्वी ती वाचावीच. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली, की सुमारे १५० किलो भार तेथेच वाढतो. मर्यादेपलीकडे भार गेल्यास टायर फुटण्याचा आणि ब्रेक कमी पडण्याचा धोका असतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे आधी भाड्याने घेऊन पाहणे. पसंतीच्या लांबीची गाडी आठवडाभर चालवावी, पेट्रोल पंपावर वळवावी, रात्री मुक्कामाच्या जागी मागे घेऊन लावावी, पावसाळी दिवस सर्वांनी आत घालवून पाहावा. घरी ती उभी करण्यास जागा आहे का, हेही मोजावे. आठवड्याचे भाडे थोडे नसते. पण चुकीच्या आकाराची गाडी घेऊन नंतर तोट्यात विकण्यापेक्षा ते निश्चितच स्वस्त पडते.