बुरशीचा माल सवलतीत विकू नका

आमच्या कापडाच्या धंद्यात डाग पडलेले ठाण कमी भावात विकले तर गिऱ्हाइकाचे नुकसान होत नाही. किराणा मालाचे तसे नाही.

शेंगदाणा, मका, सुकी मिरची यांना ओल लागली की बुरशी धरते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. बुरशी झटकली, दाणे भाजले किंवा शिजवले तरी ते पुरते जात नाही. ते यकृत बिघडवते. वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

१९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या विषारी पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, त्यातून या विषाचा छडा लागला. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. बहुतेक गरीब आदिवासी होते. घरात दुसरे धान्य नव्हते.

व्यापारी बंधूंनी एवढे करावे. माल कडक सुकल्याशिवाय पोती शिवू नयेत. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून काढावेत. विष बहुधा अशा मोजक्या दाण्यांतच साठलेले असते. ते कूट करणाऱ्याला किंवा गुरांच्या खाद्यासाठीही देऊ नयेत, कारण हे विष दुधात उतरते.

चार किलो माल फेकल्याचा तोटा भरून काढता येतो. स्वस्त म्हणून तो माल नेणारा मात्र गरीबच असतो, आणि दवाखान्याचा खर्च त्यालाच परवडत नाही.