केशरोपण : शल्यचिकित्सकाची निवड

बहुश्रुत असूनही ज्याने योग्या म्हणजे हस्तकर्माचा सराव केलेला नाही, तो कर्मास अयोग्य होय, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात सांगतात. खालित्याच्या रुग्णास केशरोपणासाठी पाठविताना वैद्याने हाच निकष लावावा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार हे कर्म प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरानेच करावयाचे असून तंत्रज्ञ केवळ साहाय्यक होय. म्हणून केशमुळे प्रत्यक्ष कोण काढणार, छेद कोण घेणार, हे रुग्णाने आधीच विचारावे. डोक्याच्या मागील भागातून काढलेले केशमूळ तेथे पुन्हा उगवत नाही. हा साठा मर्यादित आहे. विशीतील रुग्णाचा केशपात स्थिरावलेला नसताना जो शल्यचिकित्सक थांबण्यास सांगतो, तो अधिक विश्वासार्ह समजावा.